उन्हात बंद पडणारी जुनी गाडी : पेट्रोलचा दोष जागेवर कसा पकडायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात वडिलांची १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा यांत्रिक पद्धतीने मिसळणारी). सकाळी एका सेल्फात चालू होते, मानेवाड्याहून हिंगणा एमआयडीसीपर्यंत बिनतक्रार जाते. एप्रिल-मे मध्ये दुपारी परत येताना रहाटे कॉलनीच्या सिग्नलवर उभी राहिली की आधी फडफडते, मग बंद. सेल्फ जोरात फिरतो, गाडी उचलत नाही. अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी चालू होते. वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चौथ्या गिअरमध्ये दाबली तरी एक झटका देत नाही. दोन उन्हाळ्यांत प्लग, फिल्टर, कार्बोरेटरचं किट आणि शेवटी गाडीतला पेट्रोल पंपही बदलून झाला. आता मिस्त्री म्हणतो नवा कार्बोरेटर टाका, शेजारी म्हणतात हा इथेनॉलचा प्रताप आहे, गाडी विका. शिवाय भावाची २००४ ची एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची) झेन सकाळी दोन-तीन सेल्फ घेते, तिचंही विचारलंय.

कार्बोरेटर आत्ता घेऊ नका. गाडीही विकू नका.

तुमच्या गाडीचा दोष फक्त ती गरम असताना असतो. गॅरेजपर्यंत ती पोचते तेव्हा थंड झालेली असते, म्हणजे मिस्त्रीच्या हातात दर वेळी एक धडधाकट गाडी येते. मग तो अंदाजाने एक पार्ट बदलतो, गाडी दोन दिवस चालते, पारा पुन्हा चढला की पुन्हा रहाटे कॉलनी. यात त्याचा दोष कमी आहे. असा दोष जिथे होतो तिथेच, पहिल्या पाच मिनिटांत पकडावा लागतो, आणि त्या वेळी गाडीपाशी तुम्हीच असता. म्हणून हे काम तुम्हाला शिकून घ्यावं लागेल. कठीण नाही.

आधी तुमच्या वर्णनातूनच जेवढं कळतं तेवढं काढून घेऊ. पुलावर चढताना इंजिन सगळ्यात जास्त पेट्रोल पितं. फिल्टर तुंबला असता, टाकीतली जाळी कचऱ्याने भरली असती किंवा पंप अशक्त झाला असता तर गाडी तिथे मेली असती: चढावर, वेगात, लोड आल्यावर. तसं होत नाही. ती मरते पेट्रोलची गरज सर्वांत कमी आणि उष्णता सर्वांत जास्त असते तेव्हा. म्हणजे पेट्रोल कमी येण्याचा हा सरळ मामला नाही. गरम झाल्यावर एक तर पेट्रोलची वाफ होते आहे, किंवा पेट्रोल ठीक आहे आणि करंट जातो आहे. हा दुसरा भाग लोक विसरतात. गरम झालेली कॉइल (ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज बनवणारी), डेल्कोमधला (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला) कंडेन्सर किंवा इलेक्ट्रॉनिक डेल्कोतला पिकअप हुबेहूब हेच नाटक करतात: गरम झाले की करंट बंद, थंड झाले की परत सुरू. बदललेल्या सामानाच्या तुमच्या यादीत कॉइल आणि डेल्को कुठेच नाहीत, हे मला पहिल्यांदा खटकलं.

तेव्हा पहिला प्रश्न एकच. गाडी बंद पडली त्या क्षणी करंट आहे की नाही, आणि कार्बोरेटरच्या वाटीत (जिथे पेट्रोल साठतं तिथे) पेट्रोल आहे की नाही?

डिकीत एक चांगला जुना प्लग, प्लगचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, एक जाड सुती फडकं आणि पाण्याची बाटली ठेवा. छोटं अग्निशामक सिलिंडरही ठेवा, एबीसी पावडरचं. जुन्या पेट्रोल गाडीत ते नेहमीच असावं, आणि उघड्या पेट्रोलजवळ काम करणार असाल तर त्याच्याशिवाय बॉनेटच उघडू नका. आजूबाजूला कोणी बिडी-सिगारेट पेटवलेली नको, हातात मोबाइलचा टॉर्च चालेल, लोंबकळणारा उघडा बल्ब नको.

गाडी बंद पडली की ढकलून बाजूला घ्या, हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रल. आधी करंट बघायचा, कारण त्या वेळी एअर फिल्टर बंद असतो आणि पेट्रोलची वाफ बाहेर नसते. एका सिलिंडरच्या प्लगची वायर काढून जुन्या प्लगला लावा, प्लगचं लोखंड इंजिनच्या स्वच्छ धातूला घट्ट टेकवा, कार्बोरेटर आणि पेट्रोल पाइपपासून जमेल तितकं दूर. हात वायरीला लावू नका. दुसऱ्याने सेल्फ मारायचा. निळसर, टचटच वाजणारी ठिणगी आली तर करंट ठीक. पिवळी, मरगळलेली किंवा येतच नसेल तर तिथेच थांबा. तुमचा दोष पेट्रोलचा नाहीच, आणि या उत्तरातलं बाकी सगळं झेनसाठी वाचा. टायमिंग लाइट असेल तर अजून बरं, वायर न काढता चिमटा लावूनच कळतं.

करंट ठीक निघाला तर सेल्फ मारणं बंद करा, चावी बंद करा आणि मगच एअर फिल्टरचं झाकण उघडा. कार्बोरेटरच्या तोंडात वरून बघत ॲक्सिलरेटरची तार हाताने एकदा पूर्ण ओढा. आतल्या बारीक नळीतून पेट्रोलची पिचकारी उडायला हवी. पिचकारी जोरदार आली म्हणजे वाटीत पेट्रोल आहे. नुसती फुसफुस झाली किंवा काहीच आलं नाही तर वाटी रिकामी. आणि तार न ओढताच पेट्रोल थेंबथेंब गळताना दिसलं, आतला सगळा भाग ओला चिंब दिसला, तर गाडी उपाशी नाही, तिला जास्त झालं आहे.

एवढी एक चाचणी अर्ध्याहून जास्त पार्ट यादीतून बाद करते.

आता तीन वाटा. शेवटची आधी घेतो, कारण ती लवकर संपते. इंजिन बंद झाल्यावर खालची उष्णता वर येते आणि वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या नळ्यांत, सांडतं. हे बहुतेक वेळा गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटं उभी केल्यावर होतं: सीताबर्डीवर खरेदी करून परत आलात की चालू होत नाही, पेट्रोलचा वास सुटलेला असतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, सेल्फ द्या. काळा धूर सोडत चालू झाली तर हाच प्रकार. कारण बहुधा फ्लोटची (वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणाऱ्या भागाची) पातळी जास्त किंवा निडल-सीट (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी झडप) झिजलेली, किंवा कार्बोरेटरच्या खालची जाड फायबरची पॅकिंग कोणीतरी काढून साधी कागदी टाकलेली. तुम्ही वास येत नाही असं लिहिलंय आणि तुमची गाडी चालू असतानाच बंद पडते, म्हणून हे तुमचं प्रकरण वाटत नाही. तरी किट नुकतंच टाकलंय, फ्लोटची पातळी मोजून लावली की डोळ्याने, हे विचारून घ्या.

दुसरी वाट, पिचकारी चांगली, करंटही चांगला, तरी बंद. यात एक छोटी गोष्ट बघा. गाडी फडफडायला लागली की रेस दाबून धरली तर टिकते का? टिकत असेल, आणि पाय काढला की लगेच मरत असेल, तर आयडलचा, म्हणजे रेस न देता इंजिन चालतं त्या वेळचा, पेट्रोलचा रस्ता बंद होतोय. बऱ्याच कार्बोरेटरवर आयडलचं पेट्रोल उघडझाप करणारा छोटा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असतो, एक वायर आलेली. चावी ऑन केली की तो टक् वाजतो. गरम झाल्यावर त्याची कॉइल सुटते किंवा वायरीचा कनेक्टर सैल पडतो, आणि आयडल जेटला पेट्रोल मिळणं थांबतं. त्या वेळी तो टक् वाजतो का एवढंच ऐकायचं. न वाजणाऱ्या सोलेनॉइडपायी कार्बोरेटर बदललेला मी पाहिला आहे, आणि नवीन कार्बोरेटरलाही तोच सैल कनेक्टर लागल्यावर गाडी पुन्हा बंद पडलेली पाहिली आहे.

तिसरी वाट, करंट आहे आणि वाटी कोरडी. माझा कौल इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

पेट्रोल हे एका ठरावीक तापमानाला उकळणारं द्रव्य नाही. त्यातला हलका भाग साधारण ३५-४० अंशांपासूनच उडायला लागतो, जड भाग दोनशेच्या आसपास जातो. नागपुरात मे महिन्यात ४४-४५ तर आपण हवामान म्हणूनही मोजत नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ ची नोंद झालेली आहे. सिग्नलवर उभ्या गाडीच्या बॉनेटखाली वारा नसतो, रेडिएटरचा पंखा तापलेली हवाच इंजिनवर फेकतो, आणि तिथलं तापमान सहज सत्तर-ऐंशीच्या घरात जातं. त्यात तुमच्या गाडीचा पंप इंजिनवर बसवलेला आहे आणि तो टाकीतलं पेट्रोल ओढतो. ओढताना पाइपमधला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल आणखी लवकर उकळतं. पंपाच्या पोटात वाफ शिरली की डायाफ्राम (पंपातला रबरी पडदा) वाफच दाबत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. वेगात जाताना थंड पेट्रोल सतत येत राहतं म्हणून तक्रार नाही. आयडलला पेट्रोल पाइपात रेंगाळतं, तापतं, वाफ होते.

हा वाफेचा अडथळा आहे की नाही हे पडताळायला सोपी युक्ती आहे, आपल्याकडचे जुने टॅक्सीवाले करायचेच. फडकं पाण्यात पिळून पंपावर आणि पंपाकडे येणाऱ्या पाइपवर टाका. फक्त तिथेच, डेल्को, कॉइल किंवा लाल झालेल्या एक्झॉस्टवर पाणी जाऊ देऊ नका. दोन-तीन मिनिटांत पिचकारी परत आली आणि गाडी उचलली, तर निदान झालं.

पण निदान झालं म्हणजे कारण कळलं असं नाही. या शहरात १९८० च्या दशकापासून हजारो ८०० याच उन्हात, याच सिग्नलवर उभ्या राहिल्या आणि बंद पडल्या नाहीत. गाडी अशी बनलेली आहे की वाफ झाली तरी ती परत टाकीत जावी. तुमच्या गाडीत काहीतरी बिघडलंय म्हणून वाफ अडून बसते. शक्यता मी ज्या क्रमाने बघतो त्या क्रमाने देतो.

पंपावर तीन नळ्या असतात: एक टाकीकडून येणारी, एक कार्बोरेटरला जाणारी, आणि तिसरी बारीक, टाकीकडे परत जाणारी. ही तिसरी म्हणजे वाफेचा आणि जादा पेट्रोलचा परतीचा रस्ता. पंप बदलताना ती उलटसुलट लागणं, चेपणं किंवा 'गळत होती' म्हणून खिळा ठोकून बंद करणं, हे तिन्ही प्रकार सर्रास होतात. टाकीकडे जाणारा पाइप पंपापासून सोडवा, टाकीचं झाकण काढा आणि त्या पाइपात तोंडाने नाही, सायकलच्या पंपाने हलकी हवा मारा. टाकीत बुडबुडे ऐकू आले किंवा हवा सहज गेली तर रस्ता मोकळा. अडली तर तुमचा निम्मा त्रास तिथे आहे.

मग पंपाखालची पॅकिंग. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये जाड, उष्णता अडवणारा इन्सुलेटर असतो. तुमचा पंप बदलल्यावर त्रास कमी झाला नाही, उलट या वर्षी लवकर सुरू झाला असं तुम्ही लिहिलंय. मला शंका आहे की इन्सुलेटर जुन्या पंपाबरोबर भंगारात गेला. तो नसेल तर पंप थेट तव्यावर बसल्यासारखा तापतो. मात्र त्याऐवजी तीन-चार साध्या पॅकिंग एकावर एक घालू नका. जाडी बदलली की पंपाच्या दांडीचा स्ट्रोक बदलतो आणि पंप अर्धवट मारायला लागतो. एक्झॉस्टवरचं पत्र्याचं कव्हर जागेवर आहे का तेही बघा. खडखड वाजतं म्हणून ते काढून टाकलेल्या गाड्या पुष्कळ सापडतात.

मग ओढणीचा पाइप, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतचा. याच्याकडे कोणी बघत नाही कारण तो गळत नाही. त्यात दाब नसतोच, ओढ असते. चीर पडली तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. उसाचा रस पिताना नळीला बारीक भोक असलं की नुसती हवा तोंडात येते, अगदी तसं. थंड असताना रबर आवळलेलं असतं म्हणून चालतं, तापलं की चीर उघडते. टाकीजवळचे, धातूच्या पाइपला जोडणारे रबरी तुकडे वाकवून बघा: बारीक तडे दिसले, रबर कडक झालंय किंवा बोटाला काळं लागतंय तर बदला, क्लिपासकट. वरवर चांगला दिसणारा पाइप आतून फुगून अर्धा बंद झालेला असू शकतो, म्हणून एक टोक तरी काढून आत बघा.

टाकीचं झाकण राहिलं. पेट्रोल जितकं जातं तितकी हवा टाकीत यायला हवी. झाकणातली झडप चिकटली तर टाकीत ओढ तयार होते आणि पंपाला दुप्पट मेहनत. गाडी बंद पडली की झाकण उघडा. आत हवा शिरण्याचा ठळक सूं आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली तर झाकणच दोषी. उन्हाळ्यात बाहेर येणारा थोडा फुस आवाज मात्र नेहमीचा आहे, त्याला घाबरू नका.

पारदर्शक फिल्टर अर्धाच भरलेला दिसतो म्हणून काळजी करणारे खूप भेटतात. कार्बोरेटरच्या गाडीत तो अर्धा दिसणं चालतं. त्यात बुडबुड्यांची सतत माळ दिसली तर ओढणीत हवा शिरते आहे, तांबूस गाळ दिसला तर टाकी गंजते आहे. आणि ऑइलची काडी काढून वास घ्या. नवीन पंपाचा डायाफ्रामही फाटू शकतो, आणि मग पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली, पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालवू नका. पंप आणि ऑइल दोन्ही बदला.

हे सगळं शोधायला वेळ नसेल तर एक चाचणी थेट उत्तर देते. गाडी अंगणात, उन्हात, उभीच ठेवून. पंपाची ओढणीची नळी टाकीच्या लाइनमधून काढून स्वच्छ पेट्रोलच्या एका मजबूत डब्यात सोडा, परतीची नळीही त्याच डब्यात. डबा बॉनेटच्या बाहेर, जमिनीवर, एक्झॉस्टपासून लांब आणि सावलीत. इंजिन आयडलला चालू द्या, नेहमी बंद पडायला लागतो त्याहून जास्त वेळ. बंद पडली नाही तर दोष टाकी, झाकण किंवा मागच्या लाइनमध्ये. तशीच बंद पडली तर पंप, त्याची पॅकिंग किंवा पुढचा भाग. अशी नळी लावून रस्त्यावर फेरी मारायला जाऊ नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

गाडीला एलपीजी किट असेल (तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडच्या अनेक जुन्या ८०० आणि ओम्नींना आहे) तर निदान आणखी सोपं. बंद पडायच्या बेतात आली की गॅसवर टाका. गॅसवरही मेली तर करंट. गॅसवर मस्त चालली तर पेट्रोल, आणि मग सगळ्यात आधी किटवाल्याने पेट्रोलच्या लाइनमध्ये बसवलेला सोलेनॉइड बघा. वर्षानुवर्षं गॅसवरच पळणाऱ्या गाडीत तो चिकटतो, आणि कार्बोरेटरची वाटी सुकून आत डिंकासारखा थर धरतो.

आता इथेनॉल. शेजाऱ्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही, पण त्यांनी ते चुकीच्या जागी लावलंय. पेट्रोल पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून यायला लागलं आणि आता जवळपास तेच मिळतं. तुमची गाडी त्याच्या किती तरी आधीची. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे २० टक्क्यांच्या मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा घटते. ॲव्हरेज तेवढं कमी होणं समजण्यासारखं आहे. वीस-पंचवीस टक्के कमी झालं तर त्याचा दोष इथेनॉलवर टाकू नका, दुसरं काही शोधा. त्याला जळायला हवाही कमी लागते: शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असेल तर ती स्वतःच पेट्रोल थोडं वाढवून घेते. कार्बोरेटरला ते कळत नाही, म्हणून मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडल थोडं थरथरतं, थंड इंजिनला चोक जास्त वेळ लागतो.

उन्हाशी त्याचा संबंध असा की इथेनॉल मिसळल्यावर सत्तर अंशांच्या आतच उडून जाणारा भाग वाढतो. म्हणजे ज्या गाडीत परतीची लाइन, इन्सुलेटर, पाइप सगळं जागच्या जागी आहे ती निभावून नेते, आणि जिच्यात यातलं एक बिघडलंय ती पूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा रुसायची, आता एप्रिलपासूनच रुसते. तुमच्याकडे हेच झालेलं दिसतं.

खरा खर्च रबराचा आहे. जुने नायट्राइल रबराचे पाइप, पंपाचा डायाफ्राम, कार्बोरेटरमधल्या ओ-रिंग या मिश्रणात फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. शिवाय इथेनॉल टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला थर सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येतो. म्हणून सुरुवातीचे काही महिने फिल्टर लवकर बदलावा लागतो. मीटरवर कापून मिळणारा स्वस्त काळा पाइप किंवा पिवळी पडणारी प्लॅस्टिकची नळी घेऊ नका. पाइपवर 'एसएई जे३० आर९' असा छाप बघून घ्या. त्याचं आतलं अस्तर इथेनॉल सोसतं. घाट रोडच्या दुकानांत मागितलं तर मिळतो, महाग असतो, पण ८०० ला रबरी तुकडे लागतात ते थोडेच.

तुमची गाडी आठवड्यातून एकदा-दोनदाच निघते, म्हणून पावसाळ्याचंही सांगतो. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. थोडं पाणी ते स्वतःत सामावून घेतं, मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. मग गाडी सकाळी चालू होऊन शंभर मीटरवर बंद. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली ठेवा आणि महिनाभर उभी ठेवू नका.

पेट्रोलमध्येच खोट आहे असा संशय असेल तर भांडायच्या आधी तपासा. प्रत्येक पंपावर फिल्टर पेपर मागता येतो: नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाका, सुकल्यावर डाग राहिला तर भेसळीची शंका. पाच लिटरचं प्रमाणित मापही मागता येतं. इथेनॉल किती हे घरी बघायचं तर १०० मिलि पेट्रोल आणि १० मिलि पाणी काचेच्या मापात घालून हलवा आणि ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. तळातला थर ३० च्या आसपास आला तर मिश्रण २० टक्क्यांचं आहे. ५० वर गेला तर मात्र पंपवाल्याशी बोला.

मिश्रण जाड (पेट्रोल जास्त) की पातळ हे कळायला मला कार्बोरेटरच्या स्क्रूपेक्षा पीयूसीवाल्याचा मीटर जास्त भरवशाचा वाटतो. तुमच्या काळातल्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. आयडलला आकडा मर्यादेजवळ किंवा वर असेल तर गाडी जाड खाते आहे. आकडा जेमतेम शून्याच्या वर आणि हायड्रोकार्बन मात्र भरपूर, तर पातळ मिश्रणामुळे मिसिंग. पावती घेऊन निघून जाऊ नका, इंजिन गरम असताना मशीन लावून घ्या आणि दोन्ही आकडे वाचा. पातळ असेल तर आयडलचा मिश्रण स्क्रू पाव फेरा उघडून पुन्हा मोजा. सुईने जेट मोठा करून देणारे लोक आहेत, त्यांच्या हाती गाडी देऊ नका. पितळेतलं भोक एकदा वेडंवाकडं झालं की ते परत होत नाही.

भावाच्या झेनचं. तिथे पंप टाकीत बसलेला आणि विजेवर चालणारा, लाइनमध्ये तीन बारच्या आसपास दाब. म्हणून सिग्नलवर उन्हात बंद पडण्याचा हा प्रकार तिथे क्वचितच. सकाळी दोन-तीन सेल्फ लागतात याचा अर्थ बहुतेक वेळा रात्रभरात लाइनमधला दाब उतरला. खात्री अशी: चावी ऑन करा, मागून दोन सेकंद घूं आवाज येईल, बंद होईल. चावी बंद, पुन्हा ऑन. असं तीनदा करून मग सेल्फ द्या. एका सेल्फात चालू झाली तर माझं म्हणणं बरोबर. आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले, मग पंपाच्या कनेक्टरवर चालू स्थितीत व्होल्टेज; गंजलेल्या अर्थिंगमुळे चांगले पंप भंगारात जातात.

दाब कुठे उतरतो हे दाब मोजणाऱ्या गेजशिवाय सांगता येत नाही. गेज लावून पंप चालू, इंजिन बंद असताना २.७ ते ३.१ बार मिळायला हवा. इंजिन आयडलला आलं की रेग्युलेटरला (लाइनमधला दाब राखणाऱ्या भागाला) इंजिनची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, मिळून तो थोडा खाली येतो. बंद केल्यावर एका मिनिटाने २ बारच्या वर टिकायला हवा. झपाट्याने पडला तर परतीचा पाइप चिमटा. पडणं थांबलं तर रेग्युलेटर, नाही थांबलं तर पंपाची झडप किंवा गळका इंजेक्टर. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून बघा, तिच्यात पेट्रोलचा ओलावा असेल तर डायाफ्राम फाटलाय, पुढे काही तपासू नका. लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर तीन बारचं पेट्रोल तोंडावर येईल. गेज नसलेला मिस्त्री इंजेक्टर सफाईचं सुचवेल. गेज असलेल्याकडे जा.

८०० कडे परत येतो. पुढच्या वेळी बंद पडली की ठिणगी, पिचकारी, झाकणाचा आवाज आणि सोलेनॉइडचा टक्, या चार गोष्टी बघून जागेवरच कागदावर लिहा, वेळ आणि त्या दिवसाचं तापमानही टाका. ठिणगी चांगली आणि पिचकारी गायब असेल तर परतीची नळी आणि पंपाखालचा इन्सुलेटर मिस्त्रीसमोर उभं राहून तपासून घ्या, मग सगळं रबर बदला. ठिणगीच गेली असेल तर कॉइल गरम असताना आणि थंड असताना दोन्ही वेळा मल्टिमीटरने मोजायला सांगा, आणि डेल्को पॉइंटचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नसलेला, असेल तर कंडेन्सर नवा टाकून बघा, तो स्वस्त आहे. चारही ठीक येऊन गाडी तरी बंद पडली तर तो कागद आणि पीयूसीचे आकडे पाठवा, मग पुढचं बघू.